गुरुवारची मयत

आमच्या स्वयंपाकघराच्या तीन भिंती विटांच्या होत्या आणि चौथी पत्र्याची. पत्र्यापलीकडे आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लेथ होता, लोखंड फिरवून कापायचं मशीन. त्यामुळे सकाळी सहापासून घरात जे काही बोलणं व्हायचं ते लेथच्या आवाजावरून व्हायचं. मी अजूनही मोठ्यानं बोलते आणि ऑफिसातली मुलं तो माझा स्वभाव समजतात. आईनं जन्मात कधी लेथला हात लावला नाही, पण भाकरी थापताना तिचा एक कान पत्र्याकडे असायचा. आवाज जरा खरखरीत झाला की ती पत्र्यावर उलथनं आपटून सांगायची, "टूल गेलंय तुमचं." आप्पा हट्टानं अजून एक नग काढायचे, तो खराब निघायचा आणि मग मशीन थांबवून टूलला धार लावायला बसायचे. आई चुकल्याचं मला आठवत नाही. लोखंड कापताना वर सोडतात त्या दुधट पाण्याचा वास आमच्या आमटीला, अंथरुणांना, माझ्या शाळेच्या वह्यांना यायचा. शाळेत मुली नाक मुरडायच्या. मला त्या वासाचं काही वाटत नसे, कारण तो वास असला म्हणजे काम आहे, आणि काम आहे म्हणजे सगळं ठीक आहे, एवढं मला समजत होतं.

कासार आंबोलीच्या अंगाला, पौड रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका कच्च्या गल्लीत अशा चार शेड होत्या. पहिली कांबळेकाकांची. ते पिंपरीला एका कारखान्यात भट्टीवर काम करून आलेले, चौघांत वयानं आणि ज्ञानानं वडील. दुसरी आमची. तिसरी ढमाल्यांची, त्यांच्याकडे गल्लीतलं सगळ्यात चांगलं ग्राइंडिंग मशीन होतं आणि त्याचा त्यांना गर्वही होता. शेवटची ढेबेमामांची. ढेबेमामा धनगर. घाटमाथ्यावर मेंढरं राखणारं घर सोडून खाली उतरले, कांबळेकाकांच्या हाताखाली चार वर्षं काढली आणि मग स्वतःचा जुना लेथ घेतला. नात्यानं ते मामा नव्हते. आईनं त्यांना एकदा राखी बांधली आणि ते झाले. चौघेही एकाच कंपनीसाठी एकच वस्तू बनवत: ट्रॅक्टरच्या मागच्या जोडणीची पिन. वीतभर लांब, अंगठ्यापेक्षा जाड, वर टोपी आणि टोपीखाली बारीक मान. गज आणायचा, कापायचा, लेथवर घडवायचा, भट्टीत लाल करून तेलात बुडवायचा, मग ग्राइंड करायचा. ऐकायला एवढंच आहे.

गुरुवारी लाईट नसायची. पुण्याच्या सगळ्या कारखानदारीची ती सुट्टी, आणि आमच्या गल्लीत त्या दिवशी मयत असायची. हा शब्द ढेबेमामांचा. आठवड्यात ज्याच्या हातून जे नग बिघडले, ते त्यानं गुरुवारी आमच्या अंगणात आणून गोणपाटावर मांडायचे. वाकलेले, तडकलेले, माप चुकलेले. मग बाकीच्या तिघांनी ते हातात फिरवून बघायचं आणि का मेलं ते सांगायचं. तिघांचं बोलून होईपर्यंत मालकानं तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. ज्याच्याकडे बिघडलेला नग नसे त्याची कीव केली जायची. "आठवडाभर झोपला व्हतास व्हय?" असं ढमाले विचारायचे. आई पिठलं, तांदळाची भाकरी आणि खर्डा करायची, पातेलंभर गवती चहाचा चहा असायचा, आणि मशीनं बंद असल्यामुळे आठवड्यातून त्या एकाच दिवशी मला माणसांचे खरे आवाज ऐकू यायचे. ढेबेमामांचा आवाज इतका मऊ आहे हे मला गुरुवारीच कळलं होतं.

या मयतीतून काय निघत होतं ते एका उदाहरणानं सांगते. पिना तेलात टाकल्या की वाकायच्या. दहातल्या दोन तरी. कांबळेकाकांनी तेल बदलून बघितलं, आप्पांनी भट्टीची आच कमी केली. एका गुरुवारी ढेबेमामा म्हणाले, घागर विहिरीत आडवी आपटली की हिसका बसतो, उभी सोडली की गुमान जाते. पिनेचंही तसंच असेल. ढमाल्यांनी त्यांना धनगर इंजिनियर म्हणून चिडवलं आणि पुढच्या गुरुवारी स्वतःच एक लोखंडी कडं बनवून आणलं, त्याला खाली बारा आकडे. पिना टांगायच्या आणि सरळ खाली सोडायच्या. आप्पांनी त्या कड्याला कप्पी लावली. तिसऱ्या गुरुवारी चारही शेडमध्ये कडी होती आणि पिना वाकायच्या थांबल्या होत्या. ते कोणी शोधून काढलं, असं कोणी विचारलं नाही. भोसरीचे मोठमोठे कारखाने आमच्याशी दरात टिकत नव्हते त्याचं कारण हेच होतं. त्यांच्याकडे मशीनं चांगली होती. आमच्याकडे एकाची चूक चौघांना शहाणं करत होती, आणि तेही आठवड्याच्या आत.

मागच्या वर्षी, आता मी नोकरी करते त्या कंपनीनं मला बावधनला एका हॉटेलात व्याख्यानाला पाठवलं. पुरवठादारांची तपासणी करणं हे माझं काम, म्हणून. एक चांगला, मनापासून बोलणारा मुलगा पडद्यावर पुणे जिल्ह्याचा नकाशा दाखवत होता. त्यावर ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा. ज्या भागातले उद्योग एकमेकांकडून शिकतात तो भाग पुढे जातो, असं तो सांगत होता, आणि ते खरंच आहे. मग त्यानं विचारलं की आपल्याकडचे लहान उद्योजक आपलं ज्ञान वाटून का घेत नाहीत. लोकांनी उत्तरं दिली: शिक्षण नाही, वेळ नाही, विश्वास नाही. मी हात वर केला नाही. जेवण चांगलं होतं, जेवले आणि निघाले.

आमच्या पिना घेणाऱ्या त्या कंपनीत परचेसला, म्हणजे खरेदीला, नवे साहेब आले तेव्हा माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. साहेब वाईट नव्हते. स्वतः मोटारसायकलवर गल्लीत आले, चारही शेड बघितल्या, प्रत्येक ठिकाणी चहा घेतला, आईच्या हातची भाकरी खाऊन तिला ताई म्हणाले. आणि प्रत्येक शेडमध्ये, एकट्याला बाजूला घेऊन, तेच सांगून गेले: दिवाळीनंतर कंपनी चौघांऐवजी एकाकडूनच पिना घेणार. ज्याचे नग कमीत कमी परत येतील तो एक. काम चौपट. "तुमची शक्यता जास्त वाटते मला," असं ते आप्पांना म्हणाले. नंतर कळलं की ते वाक्य चौघांनाही मिळालं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी आप्पा जेवताना फार बोलले. चौपट काम म्हणजे दुसरा लेथ, पक्की भिंत, आणि मला पॉलिटेक्निक. मी एकुलती एक. मुलगी शेड चालवेल का, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघाला नव्हता, कारण दुसरं कोणी नव्हतंच. "डिप्लोमा करून ये, मग बोर्डावर तुझं नाव लावतो," आप्पा म्हणाले. आईनं विचारलं, "आन् बाकीचे तिघं काय करतील?" आप्पांनी ताटातली भाकरी मोडून आमटीत बुडवली. आईनं पुन्हा विचारलं नाही. पक्की भिंत तिलाही हवी होती.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या पिनांना चीर जायला लागली. डोळ्यांना न दिसणारी. घडवताना काही नाही, तेलातून काढल्यावर काही नाही. ग्राइंड केल्यावर टोपीखालच्या मानेपाशी केसासारखी तिरकी रेघ. ती शोधणं सुट्टीत माझ्याकडे होतं. पिन रॉकेलमध्ये बुडवायची, फडक्यानं कोरडी पुसायची, वरून खडूची भुकटी चोळायची आणि थांबायचं. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. पहिल्या दिवशी शंभरात तीन निघाल्या. आठवड्यानं अकरा. आप्पा भट्टीपाशी बसून राहायला लागले. आच कमी केली, जास्त केली, तेल बदललं, देवाला नारळ फोडला. चिरा गेल्या नाहीत.

आधीचे दिवस असते तर गुरुवारी त्या पिना गोणपाटावर आल्या असत्या. पण गुरुवार तर मोडता येत नव्हता. मयत बंद करायची म्हणजे कारण सांगावं लागलं असतं. काहीच न नेता बसायचं तर तेही अवघड, कारण ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडे सगळे बघणार. म्हणून आप्पांनी मला एक चांगली पिन आणायला सांगितली आणि म्हणाले, हिच्यावर कानसीनं एक ओरखडा मार. मी मारला. जरा खोल मारला, खरा वाटावा म्हणून. त्या गुरुवारी गोणपाटावर चार शेडचे चार नग होते: आमची ओरखडलेली पिन, ढमाल्यांची टोपी जरा तिरकी झालेली, कांबळेकाकांची गंज धरलेली, ढेबेमामांची एक खरवडलेली. चार शहाण्या माणसांनी तासभर त्या ओरखड्यांवर गंभीरपणे चर्चा केली. फडकं कोणतं वापरावं, पिना एकमेकींवर टाकू नयेत, पेटीत भुसा घालावा. नियमाप्रमाणे मालक शेवटी बोलला आणि प्रत्येकानं मान्य केलं की होय, निष्काळजीपणाच झाला. आई भाकऱ्या वाढत होती. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं.

त्यानंतरच्या सोमवारी आईनं मला ढेबेमामांकडे डबा देऊन पाठवलं. मामी माहेरी गेल्या होत्या. मामा आत लेथवर होते, पाठमोरे. मी डबा खिडकीत ठेवला आणि मागच्या बाजूनं परत निघाले. मागे भंगाराचा डरम होता, आणि त्यावर गोणपाट टाकलं होतं. भंगार कोणी झाकत नाही. मी गोणपाट उचललं. आत पिना होत्या, खडूनं पांढऱ्या झालेल्या, आणि प्रत्येकीच्या मानेपाशी तिरकी काळी रेघ. आमच्याच पिना असाव्यात इतकी तीच. मी वाकून सात-आठ बघितल्या. मग गोणपाट होतं तसं टाकलं आणि घरी आले.

आप्पा भट्टीच्या विटा काढत होते. मी सांगितलं, "आप्पा, ढेबेमामांच्याबी पिनांला चीर जातीया. आपल्यासारखीच. मानेपाशी."

आप्पा थांबले. मला वाटलं आता ते हातातली वीट टाकून मामांकडे जातील, कारण दोन वेगळ्या भट्ट्या, दोन वेगळे हात आणि चीर एकच, म्हणजे दोष भट्टीत नाही हे सोळा वर्षांच्या मलाही दिसत होतं. आप्पांना ते दिसलं नसेल असं मी म्हणणार नाही. त्यांनी कपाळ पुसलं.

"त्याच्याबी जातीया?" ते म्हणाले. "किती?"

"डरम भरलाय."

"मग बरं झालं," आप्पा म्हणाले. "आपल्या तेवढ्या न्हाईत. बोलू नगंस कुटं."

आणि हे लिहून ठेवते की मलाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी आप्पांचा चेहरा सैल झाला होता, आणि बोर्डावरच्या नावाचा विचार माझ्या मनात त्याच क्षणी आला होता. मामांनी मला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं होतं ते तेव्हा आठवलं नाही. त्या गुरुवारी आप्पांनी पुन्हा ओरखड्याची पिन नेली. मी आदल्या दिवशी तयार करून ठेवली होती, सांगायची वेळ आली नाही.

चिरा कशामुळे जात होत्या हे ओळखू शकणारा माणूस गल्लीच्या तोंडाशीच राहत होता. कांबळेकाकांना ठिणग्या वाचता यायच्या. फिरत्या चाकाला गज टेकवायचा. साध्या पोलादाची ठिणगी लांब आणि सरळ जाते, कडक पोलादाची टोकाला फुलते, फुलबाजीसारखी. काका ठिणगी बघून सांगायचे की हा गज कुठल्या जातीचा आहे, आणि त्यांचा अंदाज लॅबच्या कागदाशी जुळायचा. आधी नवा गज आला की चौघेही त्यांच्या चाकाशी उभे राहत. पण व्यापारी एकच, माल वर्षानुवर्षं तोच, म्हणून ते हळूहळू थांबलं. आणि आता गजाबद्दल शंका आली तरी चाकाशी जायचं कसं? ते चाक शेडच्या बाहेर होतं, रस्त्यावर, सगळ्यांना दिसेल असं. जो कोणी तिथे गज घेऊन उभा राहील त्याच्याकडे काहीतरी बिघडलंय हे गल्लीभर झालं असतं. ही अडचण बाकी तिघांची होती तशीच खुद्द कांबळेकाकांचीही होती. ते स्वतःच्या चाकाशी जाऊ शकले नाहीत.

दिवाळीच्या आधी कंपनीनं चौघांचेही नग चुंबकाच्या मशीनवर तपासले, रॉकेलला न सापडलेल्या चिराही त्यावर दिसतात. चौघांचेही परत आले. टेम्पो आमच्या दारात उभा राहिला तेव्हा त्यात चारही शेडच्या पेट्या एकत्र होत्या, आणि ड्रायव्हरनं त्या वरची नावं वाचून वाचून उतरवल्या. सगळे आपापल्या दारात उभे होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. काम दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या कारखान्याला गेलं. साहेब सांगायला स्वतः आले नाहीत. पत्र आलं, चौघांना एकाच मजकुराचं.

पंधरा दिवसांनी कांबळेकाका उरलेला गज भंगारवाल्याला घालत होते. काय वाटलं कोणास ठाऊक, त्यातला एक त्यांनी चाकाला टेकवला. ठिणगी फुलली. त्यांनी दुसरा लावला. मग ते आमच्याकडे आले आणि कोपऱ्यातला आमचा गज उचलून घेऊन गेले. ढमाल्यांचा आणला, ढेबेमामांचा आणला. चारही गज त्यांनी एकामागून एक लावले आणि चारही फुलले. व्यापाऱ्यानं दुसऱ्या जातीचा माल मिसळला होता. त्याला आच थोडी कमी आणि त्याच वेळी तेल जरा कोमट हवं होतं, एवढंच. सगळं मिळून पाव तास लागला. चाक बंद करून काका म्हणाले, "एका गुरुवारचं काम व्हतं." ढमाले रडले. मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदा बघितला आणि मला त्याचा रागच आला. आता रडून कोणता नग परत चांगला होणार होता?

पुढचं थोडक्यात. ढमाल्यांनी जागा विकली. तिथे शनिवार-रविवारचा बंगला आहे. कांबळेकाका मुलाकडे माणला गेले आणि तिथेच वारले. आप्पांनी पिरंगुटला दुसऱ्याच्या लेथवर बारा वर्षं काम केलं. मी डिप्लोमा केला, नोकरी करून फी भरत, आणि आता दुसऱ्यांच्या चिरा शोधायचा पगार घेते. गल्लीतल्या आमच्या पिढीचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी फुलं येतात. त्या चारही घरांत मिळून आज ठिणगी वाचता येणारं एकही माणूस नाही, आणि अख्ख्या मुळशी तालुक्यातही माझ्या माहितीत कोणी नाही. काकांनी ते कोणाला शिकवलं नाही. शिकायला कोणी गेलंही नाही, मीही नाही.

आप्पा गेल्यावर मी ढेबेमामांना भेटायला गेले. ते आता त्याच ढमाल्यांच्या जागेवरच्या बंगल्याची राखण करतात. फाटकाशेजारच्या खोलीत राहतात, मामी नाहीत. त्यांनी चहा केला. मी त्यांना डरमाबद्दल सांगितलं. मला वाटलं होतं की ही गोष्ट फक्त माझ्याकडे आहे आणि ती सांगून टाकली पाहिजे.

"ठावं हाय मला," मामा म्हणाले. "बघितलं व्हतं तुला. खिडकीच्या काचंत दिसत व्हतीस, वाकलेली."

मी विचारलं, मग तुम्ही काही बोलला का नाहीत.

"म्हनलं, पोरगी बापाला सांगंल. बाप गुरुवारी खरी पिन काढंल. मग मी बी काढीन. खिशात घिऊन आलो व्हतो मी त्या गुरुवारी, चिरंची." त्यांनी बंडीच्या खिशावर हात ठेवला. "तुझ्या बापानं वरखड्याची ठिवली. मग मला काय सुचलं न्हाई."

मी म्हणाले, तुम्ही आधी काढली असती तर?

"व्हय," मामा म्हणाले. "तेबी खरं हाय."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मालक आले होते, शुक्रवार होता. मामा गुडघ्यावर हात देऊन उठले, टोपी सारखी केली आणि फाटक उघडायला गेले. मी माझा कप विसळला, त्यांचाही विसळला, दोन्ही पालथे घातले आणि गाडी आत येईपर्यंत बाजूला उभी राहिले.